खोलीची शांतता

'तुझी' आणि 'सगळी' या दोन शब्दांच्या मध्ये एक श्वास राहून गेला होता. वास्तविक तो तेथे राहण्याचे काही कारण नव्हते. सकाळी साडेनऊला त्याने गाण्याच्या सगळ्या तुकड्यांवरून सफाईचा प्रोग्राम फिरवला होता, आणि माणसाचा श्वास हुडकून काढून टाकण्यात तो प्रोग्राम इतका पटाईत होता की गेल्या सहा आठवड्यांत त्याने एकदाही दगा दिला नव्हता. पण हा श्वास शब्दांमधल्या मोकळ्या जागेत बसलेला नव्हता. तो आधीच्या शब्दाच्या अंगावर चढलेला होता. शब्द संपायच्या आतच तो सुरू झाला होता, जणू शब्द पुरा होईपर्यंत थांबणे त्याला परवडण्यासारखे नव्हते. पडद्यावर तो दिसतही होता : बारीक, दाट, करवतीच्या पात्यासारखा एक पट्टा. हाताने काढून टाकण्यासाठी त्याने तो दोन रेघांच्या मध्ये पकडला, बोट कळीवर नेले, आणि बोट तेथेच राहिले. कानांवरचे हेडफोन त्याने एकदा काढले, पुन्हा घातले. अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. खिडकीखालचा रस्ता रिकामा होता, आणि शेजारच्या खोलीत आई भांडी पुसून एकावर एक ठेवीत होती. तिला ऐकू कमी येत असल्यामुळे ती भांडी नेहमी जरुरीपेक्षा जोरात ठेवी. त्याने तेवढाच तुकडा पुन्हा वाजवला. मग पुन्हा.

ज्या ध्वनिमालिकेचे हे शेवटचे गाणे होते तिची कल्पना दिग्दर्शिकेची. साथ आली, घरबंदी लागली, नाट्यगृहे आणि स्टुडिओ बंद झाले, तेव्हा 'सगळेच आपापल्या यानात अडकलोय, मग यानातलीच गोष्ट सांगू या' असे म्हणून तिने आठ भागांचा एक संगीत पॉडकास्ट जुळवून आणला. दूरच्या एका चंद्रावर एक वेधशाळा. तिच्यात एकच माणूस. आणि वेधशाळेची हवा, पाणी, उजेड सांभाळणारे एक यंत्र, ज्याला बाईचा आवाज दिलेला आहे. माणसाचे आणि यंत्राचे प्रेम जमते. शेवटच्या भागात हवा कमी पडू लागते, आणि यंत्र स्वतःच्या वाट्याची वीज हवेच्या पंपाकडे वळवून गाता गाता बंद पडते. 'मला हवा लागत नाही, तुझी सगळी तुला ठेव' हे त्या गाण्याचे धृपद. गाणारे सगळे आपापल्या घरी, वादक तिसऱ्याच ठिकाणी. कोणी कोणाचे तोंडही पाहिलेले नाही. आणि या सर्वांना एका वेधशाळेत आणून बसवण्याचे काम याचे, कारण हा ध्वनिसंपादक. पहिल्याच बैठकीत त्याने पाऊण तास वाद घातला होता. यंत्राला फुप्फुसे नसतात, तेव्हा यंत्राच्या गाण्यात श्वास ऐकू येणे ही नुसती चूक नव्हे, तो खोटेपणा आहे, असे त्याचे म्हणणे. लेखकाचे मत पडले की थोडा श्वास राहू द्यावा, ऐकणाऱ्याला माया वाटते. त्यावर माया वाटावी म्हणून खोटे बोलावे काय, असे याने विचारले. पडद्यावरच्या लहानशा चौकटीत तेव्हा एक बाई हनुवटीखाली हात घेऊन हसत होती. यंत्राचा आवाज तिचा होता. ती म्हणजे नऊ वर्षे त्याची बायको असलेली, आणि चार वर्षांपूर्वी कागदोपत्री वेगळी झालेली गायिका. 'जिंकलास,' एवढेच ती म्हणाली होती. 'काढून टाक माझा श्वास. तुला काढतानाच बघायचाय मला.'

तिची आणि त्याची ओळखही श्वासावरूनच झालेली. तेव्हा तो एका स्टुडिओत काचेच्या अलीकडे बसे आणि ती काचेच्या पलीकडे, कसल्याशा साबणाचे गाणे म्हणत. त्याने गाणे मध्येच थांबवून सांगितले होते, 'तिसऱ्या ओळीच्या आधी तुम्ही श्वास चोरता, तो ऐकू येतो.' ती म्हणाली होती, 'तुम्ही गाणं ऐकताय की छाती तपासताय?' काचेच्या दोन्ही बाजूंचे लोक हसले, तो मात्र हसला नाही, कारण प्रश्न त्याला रास्त वाटला होता आणि तो उत्तराचा विचार करीत होता. पुढे एका घरात, एका खाटेवर राहू लागल्यावर त्याला आढळून आले की आपण खरोखरच छाती तपासतो. दुपारी ती भिंतीकडे तोंड करून पडली की झोपली आहे, झोपेचे सोंग करते आहे की रडण्याच्या बेतात आहे, हे त्याला पाठमोऱ्या श्वासावरून कळे. शेवटच्या वर्षी तर रोज कळत असे. आणि रोज तो काहीही न विचारता पुस्तक वाचीत राही. त्याला तिच्याविषयी काही वाटत नव्हते, असे नव्हे. विचारले तर वाद होईल, आणि त्या वादात आपले म्हणणे बरोबर ठरेल, अशी त्याची पक्की खात्री होती. बरोबर ठरण्याचा त्याला कंटाळा आला होता. पण चूक ठरण्याची सवय नव्हती. घर सोडताना तिने दिलेले कारण ऐकून तिचे वकीलसुद्धा बुचकळ्यात पडले होते. 'आमचं भांडण चालू होतं,' ती त्यांना म्हणाली होती, 'आणि हा म्हणाला, एक मिनिट, आधी फ्रिज बंद करतो, गुणगुणतोय.'

श्वास अजून दोन रेघांच्या मध्ये होता. त्याने शेजारचे तुकडे तपासले. आता प्रोग्रामने सोडलेल्या श्वासाऐवजी तो प्रोग्रामने काढलेल्या श्वासांच्या जागा पाहू लागला, आणि त्या जागा फार होत्या. धृपदाची एक ओळ तिने चार तुकड्यांत म्हटली होती. दोन दोन शब्द म्हणून ती थांबली होती. पहिल्या भागात हीच बाई सोळा मात्रांची ओळ एका दमात टाकून वर एक हेलकावा देई. 'तुकडे करून पाठवते, यंत्र आहे ना, तुटक बरं वाटतं,' असे तिने मध्यंतरी लिहिले होते, आणि सगळ्यांनी ते उचलून धरले होते. लेखकाला तर त्या तुटकपणात यंत्राची व्यथा दिसली होती. आता मूळ तुकडे पाहावेत असे त्याच्या मनात आले. मूळ तुकडे नव्हते. सफाई झाली की स्वच्छ तुकडा जुन्याच्या जागी ठेवायचा, ही त्याची पद्धत. डिस्कवर जागा कमी होती हे एक कारण. खरे कारण असे की आपण केलेली सफाई परत तपासावी लागेल अशी शंका त्याला पंधरा वर्षांत एकदाही आलेली नव्हती. सहा आठवड्यांचा तिचा श्वास त्याने काढून टाकला होता. शिल्लक काही असेल तर शांतता.

या धंद्यात एक पद्धत आहे. ध्वनिमुद्रण सुरू करण्यापूर्वी सर्वांनी गप्प बसायचे आणि नुसत्या खोलीचा तीस सेकंद आवाज घ्यायचा. दोन खोल्यांची शांतता सारखी नसते. आणि आवाजातून काही कापून काढले की पडलेले भोक त्याच खोलीच्या शांततेने बुजवावे लागते, नाहीतर ऐकणाऱ्याच्या कानाला ठेच लागते. पहिल्याच दिवशी यावरून त्यांची जुंपली. ती कपड्यांच्या कपाटात डोके घालून गात असे, माइक तोंडापासून वीतभर; तेव्हा तिच्या खोलीच्या शांततेत तिचाच श्वास येई. 'बटण दाबून खोलीबाहेर जा,' तो म्हणाला. 'बाहेर कुठे जाऊ? एकच खोली आहे मला. बाहेर जिना, जिन्यात सील.' 'मग शांततेत तू नकोस एवढं बघ.' 'अरे, मीही याच खोलीचा भाग आहे.' 'श्वास रोखून धर,' तो म्हणाला, 'तीस सेकंद. तुला काय जड आहे?' आणि तिला ते खरेच जड नव्हते. तेव्हापासून रोज सकाळी नऊच्या सुमारास पहिला तुकडा तिच्या शांततेचा येई, आणि तो त्याच्यावर आकडा घालून ठेवी. शांततेची सफाई कोणी करीत नाही. चौतीस दिवसांच्या शांतता एका ओळीत मांडलेल्या होत्या.

त्याने पहिली लावली. फ्रिजची मंद गुणगुण. पडद्याच्या कड्यांचा एक लहानसा टिकटिकाट, म्हणजे खिडकी उघडी होती. बाकी काही नाही. तिसाव्या सेकंदानंतर कोणीतरी हलकेच हवा सोडली आणि हसून म्हटले, 'घ्या, साहेब.' नववी तशीच. पंधरावीत चोविसाव्या सेकंदाला श्वास सुटला होता. विसावीत सोळाव्या. आता तो खुर्चीच्या कडेला आला होता. सव्विसाव्या दिवसाच्या तीन शांतता होत्या, कारण पहिल्या दोन त्याने परत पाठवल्या होत्या. 'शांतता पुन्हा पाठव. श्वास येतो आहे.' आपण लिहिलेले शब्द त्याला चांगले आठवत होते. तो निरोपातसुद्धा पूर्णविराम देत असे. पहिली अकरा सेकंद. दुसरी नऊ. तिसरी सात, आणि सातव्या सेकंदानंतर जो श्वास आला तो पाण्याखालून वर आलेल्या माणसाचा होता. त्या दिवशी त्याने तेवढे सात सेकंद कापून घेतले होते, जोडून जोडून तीस केले होते, आणि 'आता ठीक' असे लिहिले होते. आजची, चौतिसावी, त्याने शेवटी लावली. तिच्यात रोखणे नव्हतेच. पहिल्या क्षणापासून श्वास होता : आत, बाहेर, आत, बाहेर, उथळ, घाईघाईचा, मोजता यावा असा. त्याने मोजला. तीस सेकंदांत सतरा. सोबत तिचा निरोप होता : 'आजची शांतता एवढीच आहे. चालवून घे.' हा निरोप त्याने सकाळी नऊ वाजताच वाचला होता, आणि कालच्या शांततेचे ठिगळ वापरायचे ठरवून 'बरं' असे उत्तरही दिले होते.

दुसऱ्या बाजूने विचार करणे ही त्याची खोडच होती, आणि तिने या क्षणीही त्याला सोडले नाही. माइक जवळ सरकला असेल. कपाट बदलले असेल. जिना चढून आली असेल. पण जिन्याला सील होते. रियाज सुटला असेल. पण रियाज सुटलेला गळा असा आक्रसत नाही, आणि रियाज सुटायला ती म्हणजे कोणी हौशी गायिका नव्हे. प्रत्येक मुद्दा तो मांडीत होता आणि प्रत्येक मुद्दा त्याच्या हातातच मोडत होता. अखेर त्याने घड्याळाकडे पाहत स्वतःचा श्वास रोखून धरला. तो पन्नाशीला आलेला, दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस. त्याचा श्वास बेचाळीस सेकंद टिकला. त्यानंतर कानात जे धडधडू लागले त्याला प्रतिवाद नव्हता. तेवढ्यात फोन वाजला, आणि क्षणभर त्याला वाटले तीच आहे; पण दिग्दर्शिका होती.

'काय म्हणतंय शेवटचं गाणं?' ती म्हणाली. 'पाच वाजेपर्यंत मिळेल ना? लेखकमहाराजांनी सकाळपासून चार फोन केलेत. आणि त्या बाईंना सांगा माझ्याकडून, काय जमलाय तो तुटकपणा! अंगावर काटा आला. शेवटी शेवटी तर खरंच बंद पडतंय असं वाटतं.'

'ती आजारी आहे,' तो म्हणाला.

'कोण?'

'यंत्र,' तो म्हणून गेला, आणि मग आपला आवाज त्याला दुसऱ्याच कोणाचा वाटला. 'म्हणजे ती. तिला श्वास घेता येत नाहीये. तो तुटकपणा नाही.'

'पण ती तर काल माझ्याशी...' दिग्दर्शिका बोलू लागली, आणि काल आपण फोनवर न बोलता निरोपच लिहिले होते हे बहुधा तिच्या ध्यानात आले. 'गाणं राहू दे,' ती म्हणाली. 'तुम्ही आधी तिला लावा.'

त्याने लावला. फोन वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. घंटीच्या दोन आवाजांमधल्या पोकळीत तो उठून आईच्या दारात जाऊन उभा राहिला. आई खिडकीशी बसून चष्म्याच्या काड्या पुसत होती. श्रवणयंत्र टेबलावर पडले होते. भांडी घासताना आणि मुलगा वाद घालू लागला म्हणजे ती ते काढून ठेवी. त्याने ते उचलून तिच्या हातात दिले.

'आई, ती बरी वाटते का गं तुला हल्ली?'

'कोण, माझी सून की तुझी बायको?'

'दोन्ही नाही आता ती, आई.'

'तुझी नसेल. माझी आहे.' तिने यंत्र कानात नीट बसवले आणि त्याच्या तोंडाकडे पाहिले. 'काय झालं?'

'तू रोज तिला व्हिडिओवर बघतेस. कशी दिसते?'

'खांद्यांनी बोलते,' आई म्हणाली. 'आधी खांदे वर जातात, मग शब्द येतो. दोन शब्द बोलली की हसते, मग उरलेलं बोलते. मला वाटलं म्हातारीसाठी सावकाश बोलते. परवा म्हटलं, अगं, ओठ निळसर दिसतायत. तर म्हणे, दिवा तसला आहे.'

'आणि हे तू मला सांगितलं नाहीस?'

'तू रोज सहा सहा तास तिला कानात घालून बसतोस,' आई म्हणाली. 'मी बहिरी. मी तुला काय सांगणार?'

तिसऱ्या वेळी फोन उचलला गेला. मग तो श्वास आला, ज्याचा पट्टा अजून पडद्यावर दोन रेघांच्या मध्ये पकडलेला होता, आणि त्याच्यामागून ती. 'काय रे... चुकलं का... काही?' तिला वाटले होते, तो गाण्यासाठी फोन करतो आहे. गेल्या चार वर्षांत त्याने दुसऱ्या कशासाठी केला नव्हता. त्याने तिला एक ते वीस आकडे एका दमात म्हणायला सांगितले. 'परीक्षा... घेतोस?' ती म्हणाली, पण म्हटले. ती सहावर थांबली. 'सात... येतो मला. पाठ आहे,' असे म्हणून ती हसली, आणि ते हसणे मध्येच खोकल्यात गेले. किती दिवस, त्याने विचारले. तीन आठवडे. ताप होता, गेला. मग हे राहिले. गाणे झाले की फोन करणार होते कोणालातरी. गाणे झाले की म्हणजे काय, तो म्हणाला, गाण्याचा काय संबंध, असा कुठे नियम आहे; आणि आपला आवाज चढतो आहे, मुद्दे एकामागून एक रांगेत येऊन उभे राहत आहेत, हे त्याच्या लक्षात आले. ती त्याला थांबवीत नव्हती. थांबवण्याइतकी हवा तिच्यापाशी नव्हती. तो आपणच थांबला.

'मला वाटलं... तुला कळलंय,' ती म्हणाली. 'तू परत... मागितलीस ना... शांतता. दोनदा. म्हटलं, याच्या... कानाला... कळलं. आता... विचारेल.' थोडा वेळ नुसती हवा. 'मग तू... लिहिलंस... आता ठीक.'

त्याला एवढेच जाणवले की हे बोलायला तिला जितके श्वास लागले तितके आपण तिचे खर्च केले. तो हळूच म्हणाला, 'दवाखान्यात जायला हवं. आत्ता.' ती नाही म्हणाली. तिथे गेलेले कोणी भेटत नाही, तिच्या जिन्यातल्या दोघांना नेले, एक आला, फोन काढून घेतात, एकटीने जायचे. 'इथे... निदान... माझं कपाट आहे.' तो काही बोलणार एवढ्यात आईने त्याच्या हातातून फोन घेतला, पडदा तोंडासमोर धरला, चित्र नाही हे पाहून कानाला लावला, आणि समोरच्याला ऐकू येत नसावे अशा आवाजात म्हणाली :

'सूनबाई, पिशवी भर. दोन गाऊन, पंचा, पाण्याची बाटली, औषधांचे कागद. भरता येत नसेल तर राहू दे. दार मात्र उघडं ठेव. मला काही ऐकू येत नाही, तेव्हा तू काही बोलू नकोस.' आणि फोन त्याच्याकडे देत म्हणाली, 'येतील म्हणून सांग. तू त्या लोकांना लाव माझ्या फोनवरून. हा चालू ठेव.'

अशा रीतीने तो दोन्ही कानांना दोन फोन लावून उभा राहिला. एका कानात रुग्णवाहिकेच्या रांगेचे संगीत वाजत होते, तेच तेच आठ सूर, शेवटच्या सुरावर ओरखडा. दुसऱ्या कानात ती. आठ मिनिटांनी संगीत थांबले आणि एका थकलेल्या माणसाने पत्ता विचारला, वय विचारले, त्रास विचारला. त्याने सांगितले : श्वास रोखण्याची ताकद चौतीस दिवसांत तिसावरून शून्यावर, आज मिनिटाला चौतीस श्वास, एका दमात सहा आकडे. 'डॉक्टर आहात का?' त्या माणसाने विचारले. नाही. 'मग पेशंटचे कोण?' कागदावर जे होते ते सांगितले तर रकाना रिकामा राहिला असता. आणि जे रकान्यात बसले असते ते कागदावर नव्हते. नेमका शब्द सापडल्याशिवाय तोंड न उघडणारा माणूस तो. 'घरचा,' तो म्हणाला. त्या माणसाने ते लिहून घेतले असावे. 'अर्धा-पाऊण तास,' तो म्हणाला. 'पालथं झोपायला सांगा.'

त्या पाऊण तासाविषयी पुढे त्याला नीट काही सांगता आले नसते. तिने फोन उशाशी ठेवला होता. 'बोलू नकोस, नुसती असू दे लाइन,' असे त्याने सांगितले होते, आणि ती बोलली नाही. फ्रिज होता. कड्या होत्या. त्यांच्यावर तिचा श्वास, उशीत थोडा दबलेला, येत होता आणि जात होता. ज्या आवाजाला त्याने सहा आठवडे कचरा म्हटले होते तो आवाज आता जरा लांबला की तो उभा राही, आणि आला की बसे. एकदा तो इतका लांबला की याने तिला नावाने हाक मारली. त्यावर एक टिचकी ऐकू आली, बहुधा नखाने फोनवर मारलेली. मग ते ठरूनच गेले. त्याने हाक मारायची, तिने टिचकी वाजवायची. आई दारात खुर्ची घेऊन बसली होती आणि त्याचा चेहरा वाचीत होती. एकदा त्याला वाटले आपण तिला काहीतरी सांगावे, चार वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी कळले होते म्हणून सांगावे, पाठमोऱ्या श्वासावरून रोज कळत होते म्हणून. आणि लगेच त्याने ते गिळले, कारण ऐकणाऱ्याला 'हूं' तरी म्हणावे लागते.

पाऊण वाजता जिन्यात बुटांचे आवाज आले, प्लास्टिक घासल्याचे आवाज आले, आणि कोणीतरी 'ताई, बसता येतंय का? खांद्यावर हात द्या,' असे म्हणाले. कसलेसे मशीन टुंग वाजले आणि दुसरा आवाज हलक्या स्वरात एक आकडा म्हणाला, जो त्याला समजला नाही. पण तो ज्या स्वरात म्हटला गेला तो स्वर समजला. तिने काहीतरी विचारले. 'नाही ताई, नंतर बघू, आधी चला,' असे उत्तर आले. पावले. दाराची कडी. जिन्यात तिचा खोकला, एक मजला खाली, दोन मजले खाली, मग नाही.

फोन तेथेच राहिला होता. लाइन चालू होती. त्याने ऐकले. फ्रिजची मंद गुणगुण; पडद्याच्या कड्या; बाकी काही नाही. तीस सेकंद झाले, मिनिट झाले, आणि त्या खोलीत कोणी श्वास घेतला नाही. पहिल्या दिवसापासून त्याने जी मागितली होती ती हीच : तिच्या खोलीची शांतता, तिच्याशिवाय. अगदी निर्मळ होती. तिच्यावर एक डाग नव्हता. टेबलावर ध्वनिमुद्रणाचे यंत्र तयार होते, बोट कळीपासून दोन इंचांवर, आणि पंधरा वर्षांच्या सवयीने त्या बोटाला एक झटका आलाही. त्याने हात मांडीखाली दाबून धरला आणि ऐकत राहिला. पावणेपाचला तिच्या फोनची बॅटरी संपली.

पुढचे दोन दिवस त्याने काम केले नाही. दवाखान्याचा नंबर लागत नव्हता. लागला की 'स्थिर' एवढेच सांगत, आणि 'स्थिर' या शब्दाचा तो जितका विचार करी तितका त्याचा अर्थ कमी होत जाई. दिग्दर्शिकेने शेवटचा भाग पुढे ढकलला. लेखकाचा फोन आला. तो बराच वेळ चाचरत राहिला आणि मग म्हणाला, 'मी थोडा श्वास राहू द्या म्हणालो होतो, तेव्हा मला यातलं काही...' 'तुमचं बरोबर होतं,' याने त्याला सांगितले. आई दुपारी ठरल्या वेळी आपला फोन समोर उभा करून बसे, वाजणार नाही हे ठाऊक असून, आणि वेळ टळली की गालिचावरचे दोरे वेचीत राही. तिने श्रवणयंत्र दोन दिवस काढले नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास अनोळखी नंबरावरून फोन आला. 'तुम्ही शांततावाले का?' एका बाईने विचारले. मागे पुष्कळ यंत्रांचे आवाज होते, आणि कोणीतरी कोणाला तरी चादर मागत होते.

'म्हणजे?'

'मी वॉर्डातली सिस्टर बोलतेय. अठरा नंबरच्या ताईंनी चिठ्ठीवर हा नंबर लिहून दिलाय. वर लिहिलंय, शांततावाले. मास्क आहे त्यांना, बोलता यायचं नाही. फोन त्यांच्याजवळ धरते, तुम्ही बोला दोन शब्द. दोनच हं, मला पुढे जायचंय.' मग कागदाचा आवाज. 'थांबा, खाली आणखी काहीतरी आहे. "शांतता मिळणार नाही. श्वास येईल." याचा अर्थ काय हो?'

'बरोबर आहे ते,' तो म्हणाला.

फोन सरकला. काहीतरी मऊ घासले. आधी हवेचा फुसकारा आला, नळीतून येणारा, न थांबणारा. पूर्वी तो त्याने एका फटक्यात काढून टाकला असता. त्याच्या आत, त्याच्या मागे, खोल कोठेतरी तिचा श्वास होता. त्याने डोळे मिटले. बोलण्यासाठी दोन शब्द त्याला मिळाले होते आणि त्याला एकही नको होता. आत. बाहेर. सहा, सात. बाहेर जाताना एक लहानसा अडथळा, जो त्या दिवशी नव्हता, किंवा उशीने झाकला होता. अकरा. बारा. तीस सेकंद पुरे झाले तेव्हा आकडा चौदा होता. त्या दिवशी सकाळी सतरा होते. या आकड्यावरून कोणताही निष्कर्ष काढणे तर्काला धरून नव्हते, हे त्याला माहीत होते, आणि तो पुन्हा एकपासून मोजू लागला.

आईने येऊन त्याच्या खांद्याला हात लावला. 'तीच ना? काय म्हणते?'

'श्वास घेते आहे.'

'मग ऐक,' आई म्हणाली, आणि खुर्ची ओढून, अजिबात आवाज न करता, त्याच्या शेजारी बसली.